म्हातारीला माळ्यावर घे

वारा उठला की मला घरात बसवत नाही. बावड्यातला वारा तो काय, उसाच्या फडातून सळसळत येतो, दोरीवरची कापडं उडवतो आणि जातो. पण दार आपटलं की मी उठतेच. अंगणात जाते, आभाळाकडं बघते, आत येते, परत बाहेर. आमचे हे म्हणतात, "पायाला भिंगरी बांधलीया काय गं? बस की एका जागी!" मी बसत नाही. कोकणातल्या धाकट्या बहिणीला फोन लावते. ती मला बोलूच देत नाही. "अक्का, इकडं पानसुद्धा हलत न्हाय. तू जेवलीस का?" एवढं कानावर पडलं की मग मी टेकते.

पूर्वी मी अशी नव्हते. उलट मला भीती कशाची ती माहीतच नव्हती, निदान मी तसं सांगत फिरायची. आमचं घर कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात, नदीकडच्या अंगाला. पाणी आम्हाला पाहुण्यासारखं नाही, भाऊबंदासारखं आहे. येतं, राहतं, नुकसान करून जातं, आणि पुढच्या खेपेला परत दारात उभं. श्रावण लागला की आमच्या गल्लीत रामराम घालायच्या जागी "पाणी कुठवर आलं?" असं विचारतात. समोरच्या भिंतीवर मागच्या पुरांच्या रेघा आहेत, एक माझ्या कमरेला लागते आणि एक डोक्याच्या वर जाते.

पण पुराचं एक बरं असतं. तो सांगून येतो. धरणातून पाणी सोडल्याची बातमी येते, मग गटारं उलटी वाहायला लागतात, मग पायरी बुडते, मग दुसरी. तोवर बाई सगळं घर वर चढवू शकते. सिलिंडर वर, धान्य वर, गाद्या वर, कागदांची पेटी वर. म्हशी सडकेकडच्या पावण्यांकडं. आणि म्हातारी माणसं सगळ्यांच्या आधी माळ्यावर. गल्लीत मला विचारल्याशिवाय कुणी फ्रीज हलवायचं नाही. मी कमरेला पदर खोचून मधोमध उभी, तोंडाचा पट्टा चालू, "ए, ते पोतं खाली काय ठेवलंस? वर घे, वर!" लोक हसायचे, पण ऐकायचे. आणि ऐकतात म्हटल्यावर माझंही डोकं जरा वरच गेलं होतं, खोटं कशाला सांगू.

धाकटी माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तिला मीच न्हाऊमाखू घातलं. तिनं लग्न केलं ते कोकणातल्या माणसाशी. तो शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला होता, आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहायचा. वडील वारल्यावर होडी बघायला कुणी नाही म्हणून तो गावी परतला आणि धाकटीही गेली. देवगडच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी त्यांचं घर. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आत एक लाकडी जिना आणि माळा. घरात ती दोघं आणि तिची सासू.

त्या सासूला मी मावशी म्हणते. ऐंशीच्या घरातली बाई, बोलायला खणखणीत. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी गेले होते, तेव्हा तिनं मला पडवीत बसवून काठीनं एकेक माड दाखवला होता. आपण घराण्याची माणसं सांगतो, तशी ती वादळं सांगत होती. तो वाकडा माड तिच्या सासूनं थोरल्या वादळानंतर लावलेला. हे तिघे एका रांगेतले, ते पुढच्या एका वादळानंतरचे. थोरलं वादळ तिच्या लग्नानंतरचं. त्या साली वाडीतली सगळी झाडं आडवी झाली, विहिरीत खारं पाणी शिरलं आणि पुढं कितीतरी दिवस लोक डोक्यावरून गोडं पाणी आणत होते. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. रेडिओ एकाच घरी, तोही बंद. सकाळी समुद्राचा आवाज भलत्याच बाजूनं यायला लागला, आभाळ हळदीसारखं पिवळं झालं, एवढीच खूण. त्याच्या आधी होड्या गेलेल्या होत्या. सगळ्या परत आल्या नाहीत. किनाऱ्यावरच्या काही बायका कितीतरी वर्षं कुंकू लावत राहिल्या, कारण मढं तर कुणाचं मिळालंच नव्हतं.

"मगे आमी सगळी घरात..." असं ती पुढं सांगायला लागली आणि मी तिला मध्येच तोडलं. मला माझा महापूर सांगायचा होता ना! आमच्याकडं पाणी कसं माळ्याच्या खालपर्यंत आलं, बोटी कशा रस्त्यावरून फिरल्या, मी म्हशी कशा काढल्या. मी तिच्या हातचे लाडू खात तासभर स्वतःचंच गुऱ्हाळ चालवलं. ती सगळी घरात कुठं बसली होती, ते मी विचारलं नाही.

मग तो मे महिना आला. त्या वादळाला नाव होतं, हल्ली सगळ्यांनाच असतं म्हणे. मी ते घेणार नाही, माझ्या तोंडून त्याला तेवढा मान नको. टीव्हीवर निळ्या नकाशात पांढरा भोवरा गरगर फिरत होता आणि आमच्या घरी लोणच्याच्या कैऱ्या चिरणं चाललं होतं. शनिवारी दुपारी धाकटीचा फोन आला.

"अक्का, गावात भोंगा लावून सांगत फिरायला लागल्यात. शाळेत जावा म्हणत्यात. ह्यांनी होडी घेऊन बंदर गाठलंय, ते तिकडंच अडकणार. सासूबाईंचा खुबा मोडल्यापासून त्यांना उठवत न्हाय आणि त्या घर सोडून हलायला तयार न्हाईत. मी एकटी हाय. काय करू?"

तिचा आवाज कापत होता. आणि माझा? माझा असा चढला, जणू ती गल्लीतच उभी आहे.

"घाबरतीस काय? समुद्र आत येणार, म्हणजे पाणीच की! सगळं वर घे. तांदूळ वर, कागद वर. शेजारच्या गड्याला हाक मार आणि दोघं मिळून म्हातारीला माळ्यावर घे."

"पण सासूबाई म्हणत्यात की वर..."

"त्या काय म्हणायच्यात ते म्हणू देत! ऐंशी वर्षांच्या बाईचं ऐकून बुडणार हाईस व्हय? तीन महापूर काढलेत मी. म्हातारीला माळ्यावर घे."

"अक्का, ऐक तरी..."

मग मी ते वाक्य बोलले. डाव्या हातानं स्वतःचा गळा धरून बोलले, फोनवर तिला दिसणार नव्हतं तरी. "आज सांजच्यापर्यंत त्यांना वर घेतलं न्हाईस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

ती गप्प झाली. ती गप्प होणार हे मला माहीत होतं. लहानपणापासून शपथ म्हणजे धाकटीला दगडावरची रेघ. वडिलांचं घड्याळ माझ्या हातून फुटलं तेव्हा मी तिला अशीच शपथ घातली होती, कुणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. वडिलांनी दरडावून विचारलं आणि सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडून खरं बाहेर पडलं. त्यानंतर ती जेवेना. शपथ मोडली, आता अक्का मरणार, म्हणून माझ्या मागंमागं फिरायची, माझ्या पदराला धरून रडायची, "सुटली म्हण, अक्का, सुटली म्हण." ज्यानं घातली त्यानं "सुटली" म्हटलं की शपथ उतरते, एवढा साधा नियम. पण मला राग आलेला. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत म्हटलं नाही. पोर तोवर उपाशी. मी म्हटलं आणि मगच तिनं भाकरीला हात लावला. ते आठवलं की आजही स्वतःला दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

त्या शनिवारी मात्र मी खुशीत फोन ठेवला. ह्यांना म्हटलं, "लावली एकदाची मार्गाला." आणि उरलेल्या कैऱ्या चिरायला बसले.

रविवारी सकाळी मी डेअरीवर दूध घालायला गेले. आभाळ भरलेलं, वारा बऱ्यापैकी. रांगेत वादळाचाच विषय. मी गप्प बसणारी थोडीच! बहीण तिकडं असते, मी तिला काय काय सांगितलं, सगळं मोठ्यानं सुरू केलं. माझ्या मागं नव्या वसाहतीतले एक काका उभे होते. मूळचे कोकणातले, फौंड्रीतून निवृत्त झालेले, कधी कुणाशी फार बोलायचे नाहीत. त्यांनी हातातली किटली खाली ठेवली.

"ताई, घर स्लॅबचं आहे का?"

"न्हाय, कौलांचं."

"आणि म्हातारीला माळ्यावर घ्यायला सांगितलंत?"

"व्हय की. पाणी शिरलं तर?"

"अहो, खाडीचं पाणी येईल तेव्हा येईल. वारा पहिल्यांदा कौलं नेतो. मग वासे. त्यावर माड पडतो. वादळात माळ्यावर कोणी जातं का? खाली बसायचं असतं, जाड भिंतीच्या कडेला, एखाद्या दणकट मेजाखाली."

काळजात धस्स झालं म्हणतात ना, ते मला तोपर्यंत नुसतं बोलायचं वाटायचं. दुधाची बादली मी खाली ठेवली. मी तिथूनच फोन लावला. फोन बंद. परत लावला. बंद. तिच्या नवऱ्याचा, बंद. बादली तिथंच टाकून मी घरी धावत आले, तर टीव्हीवर सांगत होते की वादळ सकाळपासून त्याच किनाऱ्याला घासून चाललंय.

तो रविवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. किती वेळा फोन लावला त्याला गणती नाही. तीच ती बाई गोड आवाजात सांगायची, संपर्क होऊ शकत नाही. अस्सा राग यायचा त्या बाईचा! स्वयंपाकघरात जायची, काय करायला आले ते विसरायची, परत यायची. माळ्याकडं बघवत नव्हतं. आमच्या त्याच माळ्यानं मला तीनदा वाचवलं होतं. आणि मी बहिणीला काय करायला सांगितलं? पुराचं औषध वाऱ्याला दिलं. नुसतं दिलं नाही, शपथ घालून पाजलं. ती म्हणत होती ना, ऐक तरी. मावशी काय म्हणत होती, तेवढं ऐकायला मला किती वेळ लागला असता?

ह्यांना ओरडले, "तुम्ही तरी मला थांबवायचं न्हाय काय?" ते बिचारे म्हणाले, "तुला? कधी थांबलीयास तू?" त्यावर मला रडू फुटलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर मी हुंदके देऊन रडले.

सोमवारी उजाडताच भाच्याची जीप घेऊन आम्ही दोघं निघालो. पाण्याचे कॅन, बिस्किटं, ताडपत्री, एक कोयता आणि करवत. गगनबावड्यापर्यंत काही विशेष नाही, घाट उतरायला लागलो आणि रंगच पालटला. दोनदा झाड आडवं आलं. पुढच्या ट्रकवाल्यांबरोबर आम्हीही उतरलो, फांद्या तोडल्या, ओढल्या. माझा जीव टांगणीला आणि समोरचा माणूस तंबाखू मळत उभा, म्हणून त्याच्यावर मी इतकी खेकसले की त्यानं तंबाखू टाकून करवत धरली. तळेरे गावाच्या पुढं विजेचे खांब गवतासारखे झोपलेले. आंब्याच्या बागांत पानाइतकेच आंबे खाली. वर्षभर राखलेला हापूस रस्त्यावर लोळत होता, टायरखाली चिरडत होता, आणि तो गोड वास गाडीत भरून राहिला होता.

मोकळ्यावर आलो की दर घराचं छप्पर बघायची. हे गेलं. हेही गेलं. हे निम्मं गेलं. एका घरावर नुसते वासे, आणि अंगणात बाई शांतपणे फुटकी कौलं एका बाजूला आणि धड कौलं दुसऱ्या बाजूला रचत होती. तिला विचारलं, पुढच्या वाडीत माणसं ठीक हाईत का? ती म्हणाली, "म्हायत नाय." मी ह्यांना म्हटलं, गाडी जोरात घ्या. ते म्हणाले, रस्ता कुठाय जोरात घ्यायला?

दुपार कलली तेव्हा वाडीपाशी पोचलो. गाडी पुढं जाईना, म्हणून मी उतरून पळत सुटले. वळण घेतलं आणि घर दिसलं. कौल एक शिल्लक नव्हतं. मावशीनं मला काठीनं दाखवलेला तो वाकडा माड, तिच्या सासूनं लावलेला, घरावर आडवा पडला होता. बरोब्बर मधोमध, माळ्यावर. माळ्याच्या फळ्या मोडून खाली लोंबत होत्या आणि माडाच्या झावळ्या घरात शिरल्या होत्या.

मी हाक मारली का, मला आठवत नाही. हे सांगतात की मी ओरडले ते खाडीपलीकडं ऐकू गेलं असेल.

मागच्या पडवीतून धाकटी आली. केस पिंजारलेले, हाताला फडकं बांधलेलं. मी तिच्याकडं धावले, पण ती मिठीत येईना. तिनं माझं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि बघत राहिली. कपाळ चाचपलं, गाल चाचपले, गळ्याला हात लावला. मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

"मावशी कुठं हाईत?" मी विचारलं.

"आत. बऱ्या हाईत."

पडवीच्या उरलेल्या छपराखाली मावशी कॉटवर टेकून बसली होती. अंगावर मी कोल्हापुरातून आणून दिलेली घोंगडी. काय घडलं ते धाकटीनं तिथंच तुकड्यातुकड्यानं सांगितलं. शनिवारी संध्याकाळी शेजारचा गडी आला होता. दोघांनी मावशीला उचललं, जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत नेलं. तिथं मावशीनं जिन्याचा खांब जो धरला, तो सोडेचना. म्हणाली, थोरल्या वादळात माझ्या सासूनं मला फणसाच्या पलंगाखाली कोंबली म्हणून मी जगले. तुझी बहीण नदीकडची, तिका वारो म्हायत नाय.

"मग?"

"मग मी त्यांना खाली आणलं. घोंगडीवर घालून ओढत मधल्या खोलीत नेलं, पलंगाखाली. सकाळी कौलं उडायला लागली तेव्हा दोघीपण आत. माड पडला तेव्हा पलंगावर फळ्या आपटल्या, पण पलंग हलला न्हाय. तांदूळ आणि कागद तेवढे माळ्यावर ठेवले होते, म्हटलं निम्मी तरी शपथ पाळावी. ते सगळं गेलं. हे काल सांजला चालत आले, आता कौलं बघायला गेल्यात."

मी मावशीच्या पायाशी बसले. एवढंच म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. त्या दिवाळीला तुम्ही सांगत होता, मी ऐकलं न्हाय." मावशीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि धाकटीकडं बोट केलं. "माका सोड. तिका बघ आदी. दोन दिस पोटात काय गेला नाय तिच्या. शेजाऱ्यांनी पेज आणून दिली, ती तशीच रवली. सगळ्यांका इचारीत बसलीहा, कोल्हापुराक फोन लागता काय."

मी धाकटीकडं बघितलं. दोन दिवस तिकडं माझ्या जिवाचं पाणी होत होतं की ही माझं ऐकून मेली असेल. आणि ही इकडं, छप्पर गेलेल्या घरात बसून, माझं न ऐकल्यामुळं मी मेले असेन म्हणून उपाशी होती. दोन पोरांची आई शोभेल एवढी बाई झाली, आणि डोळे तेच, सहा वर्षांचे.

तिनं माझा पदर धरला. "अक्का, मी शपथ मोडली. आधी सुटली म्हण."

मी आधी तिला जवळ घ्यायला गेले. ती घाबरून परत म्हणाली, "म्हण की गं."

"सुटली," मी म्हटलं. "सुटली, सुटली, सुटली गं बाई."

मग मी शेजारच्या घरातून पेज आणली आणि ती जेवायला बसली.